आत्याच्या डब्याचं छत

अट आत्याने स्वतःहून घातली, आणि ती घालताना तिचा उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात होता.

"येत्या पावसात माझ्या डब्यात एक थेंब जरी आला, तर डबा देऊन टाकते आणि तुझ्या मागच्या खोलीत येऊन राहते," ती बाबांना म्हणाली. "नाही आला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. जेवताना नाही, फोनवर नाही, मी आजारी असताना तर मुळीच नाही."

"चालेल," बाबा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की आई वाढता वाढता थांबली.

डबा म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. साडेपाच मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद. आत एक पलंग, एक ओटा, एक कपाट आणि उरलेल्या जागेत शिलाई मशीनचे सुटे भाग. आत्या शिलाई मशीनची मेकॅनिक आहे. कपडे शिवायच्या कारखान्यांत एकेका दालनात साठ-सत्तर मशीनं असतात. आत्या डबा घेऊन जाते, कारखान्याच्या आवारातच आठ-दहा दिवस मुक्काम ठोकते, एकेक मशीन खोलून, पुसून, जुळवून देते आणि पुढच्या गावाला निघते. एकोणीस वर्षं तिचं हेच चाललंय. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "घर आहे की. फक्त ते जागेवर नसतं."

दीड महिन्यापूर्वीच्या पावसात तिच्या पलंगावरच्या छतातून पाणी आलं. ती कुठल्याशा कारखान्याच्या आवारात होती. सकाळी उठून तिने जमिनीवर पाय ठेवला तो पाण्यात, आणि पुढच्या क्षणी ती मनगटावर पडलेली होती. हाड दोन ठिकाणी मोडलं. बाबा चार तास गाडी चालवत तिला आणायला गेले आणि परतीच्या चार तासांत एक शब्द बोलले नाहीत. बाबांना ओळखणाऱ्यांना यावरून कळेल की प्रकरण किती गंभीर होतं. घरी आल्यावर त्यांनी मागची खोली रंगवून घेतली, तिथे फळ्या ठोकल्या, चांगला दिवा लावला. खोली वाईट नव्हती. फक्त तिला चाकं नव्हती.

पावसाचा अंदाज पुढच्या शनिवारचा होता. त्यानंतरच्या सोमवारी आत्याला एका कारखान्यात पोचायचं होतं. पावसापर्यंत आमच्याकडे नऊ दिवस होते.

आमच्याकडे म्हणजे आत्याकडे आणि माझ्याकडे. डॉक्टरांनी तिला बारीकसारीक कामाची परवानगी दिली होती, पण शिडी चढायला साफ मनाई केली होती. मी नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते. पाण्याचा पृष्ठताण मला तोंडपाठ होता, पण फटी बुजवायच्या सीलंटची बंदूक मी आयुष्यात हातात धरली नव्हती.

"शिकशील," आत्या म्हणाली. "बंदुकीच्या कुठल्या टोकातून माल बाहेर येतो एवढं कळलं की झालं."

डबा बाबांच्या आवारात उभा होता. बाबा पाण्याच्या टाक्या बनवतात. आधी सिमेंटच्या बनवायचे, आता फायबरच्या. तीस वर्षं टाक्या बनवल्यामुळे त्यांना एक सवय जडली आहे: भोक दिसलं की ते बुजवतात. भिंतीवरचा खिळा काढला तर कॅलेंडरला नवी जागा सापडायच्या आत जुनं भोक लांबीने भरलेलं असतं. आईने पिठाची चाळणी इतकी वर्षं कशी वाचवली हे तिलाच ठाऊक.

डब्याच्या छतावरही त्यांचा हात फिरलेला होता. गेल्या वर्षी आत्या चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा बाबांनी वर चढून सिलिकॉनच्या सात नळ्या रिकाम्या केल्या होत्या. मी पहिल्या दिवशी वर गेले तेव्हा ते पाहिलं. छत म्हणजे प्लायवूडवर चिकटवलेला पांढऱ्या रबराचा एक मोठा पडदा. त्यात ओट्याच्या वर हवा जायची जाळी, पलंगाच्या वर एक चौकोनी खिडकी, एका कोपऱ्यात अँटेनाचा पाया, आणि चारी कडांना स्क्रूने बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. या प्रत्येक गोष्टीभोवती सिलिकॉनचे जाड वळ होते. काम प्रेमाने केलेलं होतं. प्रेम कुठेही कमी पडलेलं नव्हतं. पण त्या वळांच्या कडा आता सुटून वर वळल्या होत्या आणि त्यांच्याखाली धूळ शिरली होती.

"यावरूनच नवा थर देऊ या," मी वरून ओरडले. "अर्ध्या दिवसात होईल."

आत्या खाली खुर्चीवर छत्री धरून बसली होती. "जुन्यावर नवं नको."

"का पण?"

"मला विचारतेस? पदवी कुणाची?"

मग मी प्रयोग केला. जुन्या सिलिकॉनच्या एका तुकड्यावर नवं सीलंट लावलं, दुसरा ठिपका साफ केलेल्या रबरावर लावला आणि रात्रभर ठेवलं. सकाळी रबरावरचा ठिपका नखाने निघेना. सिलिकॉनवरचा मात्र वहीवरचं लेबल निघावं तसा अखंड निघून हातात आला. सिलिकॉन एकदा सुकलं की स्वतःला कशाही गोष्टीला चिकटू देत नाही, दुसऱ्या सिलिकॉनलाही नाही. म्हणजे सातच्या सात नळ्या खरवडून काढणं आलं.

त्याला तीन दिवस लागले. लोखंडी पट्टी वापरली तर रबर फाटेल, म्हणून प्लॅस्टिकची पट्टी. छत माझा भार एका जागी पेलणार नाही, म्हणून खाली फळी टाकायची आणि तिच्यावर पोटावर झोपून हाताएवढा भाग साफ करायचा. मग फळी सरकवायची. पहिल्या दिवशी माझ्या कोपरांची साल गेली. दुसऱ्या दिवशी मी हिशेब केला: एकूण बावीस मीटर वळ, तासाला दीड मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा तास. हा आकडा मी आत्याला सांगितला नाही. काम झालं की तो आपोआप शून्य होणार होता.

"मानेला रग लागली," मी एकदा म्हणाले.

"मशीनखाली मान घालून बघ एकोणीस वर्षं."

"आत्या, तू धीर देते आहेस की पाणउतारा करते आहेस?"

"मी छत्री धरते आहे. खरवड."

मी एक वही ठेवली होती. प्रयोगशाळेची सवय. काय काढलं, काय लावलं, किती वाजता, किती तापमानाला. तिसऱ्या दिवशी पलंगावरच्या खिडकीच्या चौकटीपाशी, मागच्या बाजूला, सिलिकॉनच्या थराखाली मला चार भोकं सापडली. वहीत मी लिहिलं: 'चौकट, मागची बाजू. स्क्रू पडून गेलेली चार भोकं. भरायची आहेत.' मनात म्हटलं, बाबांचं लक्ष होतं हं. स्क्रू नसलेली भोकंसुद्धा सोडली नाहीत त्यांनी.

खरवडणं संपताच सगळं छत स्पिरिटने पुसलं. पाचव्या दिवशी जोडांवर चिकट पट्टी दाबून बसवली आणि प्रत्येक स्क्रूवर, प्रत्येक कडेवर नवं सीलंट सोडलं. हे सीलंट आपणहून पसरून सपाट होतं. हात थरथरला तरी ते बोलून दाखवत नाही, म्हणून मला ते फार आवडलं. ती चार भोकंही मी भरली, आणि इतकी सुबक भरली की हात फिरवला तर कळलीही नसती.

संध्याकाळी बाबा येऊन शिडीवर चढले. हात मागे बांधून त्यांनी प्रत्येक कड पाहिली.

"अँटेनापाशी अजून एक फेरी मार."

"बाबा, तुम्ही विरुद्ध पक्षाचे आहात."

"पक्ष वेगळा. छत एकच आहे." ते खाली उतरले. "बरं झालंय. टाकीचं झाकण वाटतंय."

आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही. मी दोन दिवस त्यावर तरंगत होते.

सातव्या दिवशी सीलंट पुरेसं सुकलं आणि मी चाचणी घेतली. सगळ्या खिडक्या लावल्या, दारात पुठ्ठा बसवला, त्यात भोक पाडून बाबांच्या कारखान्यातला धूळ उडवायचा ब्लोअर जोडला. आत हवा कोंबायची आणि वर छतावर साबणाचं पाणी शिंपडायचं. जिथून पाणी आत येऊ शकतं तिथून हवा बाहेर जाते, आणि फुगा धरतो. मी फळीवर पालथी पडून अर्धा तास फुगे शोधत होते. जोडांवर एकही नाही. कडांवर नाही. अँटेनापाशी नाही. खिडकीच्या झाकणाभोवती थोडे आले, पण ते उघडमीट करायचं झाकण, त्याचं रबर काही सीलबंद नसतं.

"घट्ट!" मी ओरडले. "आत्या, डबा घट्ट आहे!"

"पाणी मार," आत्या म्हणाली. "हवेने माझं मनगट मोडलं नव्हतं."

म्हणून मी शिडीवरून पाण्याचा पाइप धरला आणि आत्या आत पलंगावर वर बघत बसली. एक मिनिट. पाच मिनिटं. दहा मिनिटांनी मी मनातल्या मनात तिचं सामान बांधून तिला सोमवारी रवानाही केलं.

अकराव्या मिनिटाला आतून आवाज आला. "बंद कर."

मी आत गेले. पलंगाच्या चादरीवर तळहाताएवढा ओला डाग होता. वरून, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून, अजून एकेक थेंब पडत होता. आत्या उठली, कपाटाचा सगळ्यात वरचा खण उघडला आणि त्यातल्या दोऱ्याच्या बॉबिन एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायला लागली. डाव्या हाताने, चार-चार करून.

"काय करतेस?"

"आवरते. मागच्या खोलीत एवढं मावायचं नाही. काही वाटून टाकावं लागेल."

"अजून दोन दिवस आहेत."

"मुली, तू जीव तोडून केलंस. मी बघत होते ना. पण डबा म्हातारा झाला असेल. मशीनंही होतात. मी कितीतरी मालकांना तोंडावर सांगितलंय, की याच्यावर आता वेळ घालवू नका."

ती हे शांतपणे म्हणाली, म्हणूनच मला सहन झालं नाही. आत्या ओरडली असती तर मी उलट ओरडले असते. मी तिच्या हातातून खोकं काढून घेतलं आणि पलंगावर ठेवलं.

"पुन्हा पाणी मारते. तू पुन्हा बघ. आणि घड्याळ लाव."

"तेच होणार."

"तेच झालं तर तेच लिहीन. पण लिहीन."

दुसऱ्या वेळी थेंब पन्नास सेकंदांत पडला.

मी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि डब्याच्या पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिले. अकरा मिनिटं. पन्नास सेकंद. पाइप तोच, जागा तीच, मधे गेलेला वेळ जेमतेम पाव तास. साधी फट असती तर पाणी दोन्ही वेळा साधारण सारख्याच वेळात यायला हवं होतं. पहिल्यांदा लाकूड थोडं पाणी पिईल, मान्य. पण दहा मिनिटं? पहिल्या वेळी काहीतरी भरायला वेळ लागला होता. दुसऱ्या वेळी ते आधीच भरलेलं होतं.

"आत्या, वर कुठेतरी भांडं आहे."

"छतावर भांडं?"

"पाणी साठायची जागा. ती भरते आणि मग वाहते. गळत नाहीये, ओसंडतंय."

आत्या वही घेऊन पलंगावर बसली. मागची पानं तिने एकेक करून वाचली, ओठ हलवत, कारखान्याच्या तक्रारवह्या वाचते तशी. मग एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"ही चार भोकं. स्क्रूची कशावरून?"

"भोकं होती, स्क्रू नव्हते."

"आटे होते आत?"

मला आठवेना. म्हणजे मी पाहिलंच नव्हतं.

"गोल होती की लांबट?"

"लांबट," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझे कान गरम झाले.

"चारही एकाच बाजूला? उताराच्या?"

"हो."

आत्याने वही मिटली. "मशीनमध्ये एकही भोक उगाच नसतं. एकातून तेल आत जातं, एकातून बाहेर येतं. नवीन पोरी तेलाचं भोक घाणीचं समजून मेणाने बंद करतात, आणि मग मशीन अडकलं की मला बोलावतात. वर जा. झाकण उघडून चौकटीत बघ."

मी गेले. झाकण उचललं. चौकटीच्या चारी बाजूंनी एक पन्हळ होती, बोटभर रुंद, दोन बोटं खोल. वाऱ्याने झाकणाखाली शिरलेलं पाणी तिच्यात उतरावं आणि मागच्या चार भोकांतून छतावर निघून जावं, अशी ती रचना. आता ती काठोकाठ भरलेली होती. वर निरभ्र आकाश, आणि त्याचं प्रतिबिंब त्या चौकोनी तळ्यात. मी चार भोकं भरून अर्ध्या लिटरची एक उत्तम टाकी बांधली होती. बाबांची मुलगी शोभले होते.

आत्याने खिडकीतून एक बारीक पोलादी आकडी वर दिली, मशीनच्या पोटातून धागे ओढून काढायची. त्या आकडीने मी पहिलं भोक मोकळं केलं. पाणी आधी थेंबाने, मग धारेने छतावरून मागे वाहत गेलं. चारही मोकळी केली, कडा साफ केल्या. मग पाऊण तास पाइप धरला. शेवटी माझा हात बधिर झाला आणि आत चादर कोरडी राहिली.

आत्या पलंगावर आडवी झाली होती, वर बघत. पण चेहरा आनंदी नव्हता.

"गेल्या वर्षी ही भोकं कुणी भरली?" तिने विचारलं.

तिला माहीत होतं आणि मलाही. त्याआधी डबा सतरा-अठरा वर्षांत एकदाही पलंगावर गळला नव्हता. ओट्यावर गळायचा, कडेला गळायचा, म्हणून तर बाबा वर चढले होते.

"त्याला सांगू नकोस," आत्या म्हणाली. "माझं मनगट भरून येतंय. हे त्याच्या मनातून जायचं नाही."

"पण खरं तर..."

"खरं आपल्याला कळलं, पुरे. ते त्याच्या ताटात वाढायची गरज नाही."

मला ते पटलं नाही, पण मनगट तिचं होतं.

शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं. मी डब्याचं दार आतून पुसत होते. आत्या ओट्याशी चहाचं पाणी ठेवत होती. तेवढ्यात बाहेर शिडी टेकल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर बाबा चौथ्या पायरीवर, हातात सिलिकॉनची बंदूक.

"बाबा! काय करताय?"

"एकदा नजर टाकतो. पाऊस आलाच." ते आणखी दोन पायऱ्या चढले. "अगं, हे काय? खिडकीला मागे चार भोकं उघडी आहेत! राहिलीच कशी? सरक, दोन मिनिटांत भरतो."

"भरू नका!"

"अगं, पाणी आत जाईल."

"बाबा, तुम्हाला पैज जिंकायची आहे ना? मग भोकं का भरताय?"

ते क्षणभर गोंधळले. "पैज वेगळी. म्हणून काय भोक उघडं ठेवायचं?" आणि बंदुकीचं तोंड चौकटीकडे नेलं.

आत्या दारात आली होती. मी तिच्याकडे पाहिलं. बाबांचा हात थांबवायला दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

"त्यातून पाणी बाहेर जातं, बाबा. आत येत नाही. मागच्या वर्षी ती तुम्ही भरली, या वर्षी मी भरली. परवा आम्ही पाणी मारून पाहिलं. भरलेली असताना गळतं. उघडी असताना नाही."

बाबांनी बंदूक खाली केली. शिडीवरून त्यांनी त्या भोकांकडे पाहिलं, मग झाकणाकडे, मग पुन्हा भोकांकडे. त्यांना पाण्याची वाट समजावून सांगावी लागत नाही. त्यांनी ती मनात पुरती चालवून पाहिली, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"म्हणजे ताईचा हात..."

"आधी खाली उतर, धाकट्या," आत्या म्हणाली. "एका घरात एक मोडकं मनगट पुरे."

ते उतरले. पावसाचे पहिले टपोरे थेंब त्याच वेळी छतावर वाजायला लागले, म्हणून तिघंही आत शिरलो आणि दार लावून घेतलं.

पाऊस म्हणजे पाऊस होता. छतावर कुणी खडी ओतत असावं तसा. वारा मागून येत होता, म्हणजे झाकणाखाली पाणी घुसवायला सगळ्यात योग्य. बाबा पलंगाच्या कडेवर, बरोबर खिडकीखाली बसले. त्यांना तिथे कुणी बसवलं नव्हतं. आत्या ओट्याला टेकून उभी राहिली. मी जमिनीवर, वही मांडीवर. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. एक तास गेला. बाबांनी एकदा विचारलं, "भोकं किती मोठी ठेवलीत?" मी म्हणाले, "होती तेवढीच." ते म्हणाले, "हं."

एक तास चाळीस मिनिटांनी बाबांच्या हातावर वरून थेंब पडला.

तिघांनी पाहिला. बाबांनी हात तसाच धरून ठेवला, थेंब सांडू नये असा. डोक्यात कारणं धावत होती, पण मी आत्याच्या बाजूची होते. माझ्या कारणांना आता किंमत नव्हती.

आत्याने हातातला पेला ओट्यावर ठेवला. "एक म्हटलं होतं," ती म्हणाली. "एक आला. मी बोललेलं फिरवत नाही."

"थांब," बाबा म्हणाले.

ते पलंगावर उभे राहिले. चौकटीच्या आतल्या धातूवरून त्यांनी एक बोट फिरवलं, चारी बाजूंनी, सावकाश. बोट ओलं झालं. मग त्यांनी प्लायवूडच्या जोडावर अंगठा दाबला, तिथेच जिथून परवा पाणी येत होतं. अंगठा त्यांनी उजेडात धरला, पुन्हा दाबला, पुन्हा धरला. कोरडा. मग ते खाली उतरून दाराकडे गेले आणि दाराच्या धातूच्या मुठीवर हात फिरवला. तो ओला. पडद्याच्या दांडीवर फिरवला. तोही ओला.

"ताई, इकडे ये. हात लाव."

आत्याने डाव्या हाताने मूठ धरली.

"मूठ काय छताला आहे?" बाबा म्हणाले. "घाम आहे हा. पावसाने धातू गार पडलाय, आत आपण तिघं कोंडून श्वास सोडतोय, आणि तू दोनदा चहा उकळलास. गळतीला जागा असते. घाम सगळीकडे येतो. निम्म्या वेळा लोक मला बोलावतात टाकी गळते म्हणून, आणि जाऊन बघावं तर टाकी ठणठणीत असते, नुसती घामेजलेली."

"पण थेंब..."

"थेंब आतलाच होता. बाहेरून काही आलेलं नाही. तीस वर्षं हेच काम करतोय मी, मला फरक कळतो." ते जरा थांबले. "निदान हा तरी कळतो."

आत्याने मूठ सोडली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं ती रडेल, पण ती ओट्याकडे वळली आणि ओट्यावरची खिडकी दोन बोटं उघडली. गार हवा आत आली. आम्ही पाऊस संपेपर्यंत बसलो, आणखी पाऊण तास. चादर कोरडी होती. मी वहीत वेळ लिहिली आणि खाली रेघ मारली.

"मग सोमवारी जाते मी," आत्या म्हणाली.

"किती वाजता?"

"सहाला."

"मी डबा गाडीला जोडून देतो. पहिल्या मुक्कामापर्यंत मागून येतो. तुझ्या हाताला अजून..."

"ठरलंय ना, धाकट्या? विषय काढायचा नाही."

"डब्याचा काढायचा नाही असं ठरलंय. हाताचं मी बोलू शकतो."

आत्याने यावर विचार केला. मग ती पलंगावर त्यांच्या शेजारी येऊन बसली, पट्टा गळ्यातून काढला आणि उजवा हात त्यांच्या पुढ्यात धरला.

"बोल," ती म्हणाली.

बाबांनी ते मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि हाड मोडलं होतं तिथे अंगठा फिरवला, मघाशी चौकटीवर बोट फिरवलं होतं तितक्याच सावकाश.